टॅपेट गप्प झाले त्या वर्षी

लाँच सुटताना भोंगा वाजत नसे. शिट्टी नसे, घंटा नसे. धक्क्याच्या टोकाला किंचित पुढे झुकलेला एक माणूस मान डावीकडे कलती करून उभा असे. इंजिन चालू होई. तो माणूस ऐके. मग त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाई आणि लाँच सुटे. हात वर गेला नाही तर लाँच जागची हलत नसे, मग आत कितीही मोठा माणूस कितीही घाईत बसलेला असो.

त्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. गाण्याचं त्यांना काही कळत नव्हतं. घरी रेडिओवर गाणं लागलं की ते दुसऱ्या खोलीत निघून जात. पण इंजिन कुठे दुखतंय हे त्यांना ते उघडण्याआधी कळे, आणि त्या गावात एवढ्यावर नाव पडायला पुरेसं होतं.

गाव एका मोठ्या तलावाच्या काठी होतं. पलीकडच्या काठाला शाळा, दवाखाना आणि विटांचा कारखाना. वळसा घालून जाणारा रस्ता होता, पण बसने जायचं तर अर्धी सकाळ जाई. म्हणून लोक लाँचने जात. लाँच म्हणजे निळ्या रंगाची, छपराची, लाकडी बाकांची होडी. तिच्या पोटातलं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मूळचं एका मोडीत निघालेल्या ट्रकचं. कानसेनांनी ते तारुण्यात भंगारातून उचलून आणलं, खोललं, जोडलं आणि होडीत बसवलं. तेव्हापासून ते आणि इंजिन एकमेकांच्या आधाराने म्हातारे होत आले होते.

लाँच चालवायची त्यांची मुलगी. तिला सगळे कॅप्टन म्हणत, तिच्या आईसकट. आधी चेष्टेने, मग सवयीने. कॅप्टनला वाऱ्याचं आणि पाण्याचं सगळं कळे. इंजिनाचं तिला जेवढं लागतं तेवढं कळे. बाकीचं बाबांचं खातं.

कानसेनांचं वर्कशॉप धक्क्याला लागून होतं. पत्र्याचं छप्पर, तलावाकडे उघडणारी एक खिडकी, खिडकीखाली तेलाने काळं पडलेलं लांब टेबल. भिंतीवर पाने उंचीप्रमाणे टांगलेले. मागच्या दाराने दोन पावलांवर घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन. लाँचच्या बाकांच्या गाद्या, ताडपत्रीचे पडदे, गावातल्या निम्म्या घरांच्या उशांचे अभ्रे तिच्या हातचे होते.

दुपारचं जेवण झालं की कानसेन त्या लांब टेबलावर आडवे होत. डोळे मिटलेले, कान उघडे. लाँच दुपारच्या फेरीला निघालेली असे. आवाज हळूहळू पातळ होत जाई, पाण्याच्या दुसऱ्या टोकाला टेकल्यावर धाग्याएवढा उरे, मग पुन्हा भरत भरत परत येई. त्या जाण्यायेण्याच्या मधल्या जागेत त्यांना झोप लागे. झोपेतही तो आवाज चालू असे. त्यात सगळ्यात वर, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखी नव्हे, तर कुणी नखाने टेबल वाजवावं तशी एक बारीक, सारखी, कोरडी टिकटिक. टॅपेटची.

टॅपेट म्हणजे काय हे न सांगता ही गोष्ट पुढे जाणार नाही. इंजिनाला दारं असतात. पेट्रोल आत येण्याची वेगळी, जळलेला धूर बाहेर जाण्याची वेगळी. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. प्रत्येक दार ढकलून उघडणारी एक छोटी दांडी असते, तीच टॅपेट. दांडी आणि दार यांच्यात जाडसर कागदाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू फुगतो आणि त्याला फुगायला जागा लागते. त्या फटीमुळे दांडी दारावर दरवेळी हलकेच आपटते. टिक. धुराची दारं जास्त तापतात, म्हणून त्यांची फट मोठी, आणि टिकटिक ऐकू येते ती मुख्यतः त्यांचीच. इंजिन झिजेल तशी फट वाढते, टिकटिक मोठी होते, मग स्क्रू पिळून ती पुन्हा बसवायची. कानसेन हे काम कानाने करत. स्क्रू पिळताना ऐकत राहत, आवाज मनासारखा झाला की थांबत. फट मोजायच्या पोलादी पट्ट्या असतात, गेज म्हणतात त्यांना. त्या ते शेवटी घालून बघत, पण ते लोकांच्या समाधानासाठी.

इतक्या वर्षांत फट वाढतच आली होती. आपली आपण कमी झाली असं एकदाही घडलं नव्हतं. हे लक्षात ठेवावं.

नवं पेट्रोल आलं ते एका कोरड्या, धुळकट महिन्यात. धक्क्यावर एकच पंप होता. पंपवाले गोल, हसरे, स्वतःच्या मालावर लेकरासारखी माया करणारे गृहस्थ. त्यांनी पंप रंगवून घेतला, नवी पाटी लावली आणि कानसेनांना हाताला धरून पाटीसमोर उभं केलं.

“शिसं नाही आता पेट्रोलात,” पंपवाले म्हणाले. “आणि वर इंजिन साफ ठेवणारं औषध घातलंय कंपनीने. काजळी नाही, चिकटा नाही. पिस्टनवर ताट मांडून जेवा!”

“जेवायला घरी ताट आहे,” कानसेन म्हणाले. त्यांनी बोट बुडवून वास घेतला. जुन्या पेट्रोलला एक गोडसर, जड वास असे. याला तो नव्हता. रिकाम्या, नुकत्या झाडलेल्या खोलीसारखा वास होता.

“जुनं कधी मिळणार?”

“जुनं? जुनं गेलं. सगळीकडूनच गेलं. आपल्याकडे सगळ्यात उशिरा गेलं म्हणा.”

पहिल्या काही दिवसांत लाँच दोनदा पाण्यात मधोमध बंद पडली. कॅप्टनने बांबू लावून ती काठाला आणली. कानसेनांनी फिल्टर काढला तर तो तपकिरी पापुद्र्यांनी गच्च भरलेला. टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं साचलेला चिकटा नव्या पेट्रोलने सोडवून आणला होता. त्यांनी टाकी उतरवली, उन्हात धुतली, कार्बोरेटर खोलून त्याची बारीक भोकं तारेने मोकळी केली. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. आंघोळ घातली की मळ निघणारच.

त्यानंतर मात्र इंजिनाने कमाल केली. प्लग काढले तर त्यांची टोकं कोरडी, फिकट बदामी. पूर्वी ती काळी कुळकुळीत निघत. तेल बदलायला काढलं तर त्यातून भांड्याचा तळ दिसत होता. लाँचच्या पाठीमागे धुराने पडणारा काळा डाग कॅप्टनने एकदा पुसला, तो पुन्हा उमटला नाही. कानसेनांनी प्लगच्या भोकातून बॅटरीचा उजेड आत सोडला आणि एक डोळा मिटून पाहिलं. पिस्टनचा माथा आत चंद्रासारखा चमकत होता. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. बायको चहा घेऊन आली होती.

“काय दिसतंय एवढं?”

“बघ तू.”

तिने पाहिलं. “घरातली भांडी इतकी चकचकीत असतात, त्यांच्याकडे कधी एक डोळा मिटून बघितलं नाहीत.”

“ती आवाज करतात.”

“ती मी करते,” ती म्हणाली आणि चहा ठेवून गेली.

आवाज कधी गेला हे कानसेनांना सांगता आलं नसतं. एका दुपारी ते टेबलावर पडले होते. लाँच निघाली. घुमणारा खालचा आवाज नेहमीसारखा पाण्यावरून सरकत गेला. पण त्याच्यावरची ती नखांची टिकटिक पूर्वीएवढी स्पष्ट नव्हती. कुणी टेबलावर फडकं अंथरून वाजवावं तशी. त्यांनी कूस बदलली, दुसरा कान वर केला. तेच. पुढच्या काही दिवसांत फडकं जाड होत गेलं. मग एका सकाळी धक्क्यावर उभं असताना, मान कलती करून ऐकताना, टिकटिक त्यांना ऐकूच आली नाही.

इंजिनाची फट आपण होऊन कमी होत नसते. हे त्यांना उभ्या आयुष्याने शिकवलं होतं. मग गेलं असेल ते दुसरंच काहीतरी. वडिलांचे कान याच वयात गेले होते. आधी बारीक आवाज गेले, मग माणसं गेली. शेवटी ते सगळ्यांकडे बघून नुसते हसत.

कॅप्टन सुकाणूवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होती. बाकांवर माणसं बसली होती. कानसेनांनी हात वर केला. लाँच गेली.

त्या दिवसापासून त्यांनी गुपचूप स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. मनगटी घड्याळ कानाला लावत, मग हळूहळू लांब नेत. कानाजवळ दोन बोटं एकमेकांवर चोळत. मोरीतला नळ गळका होता, तो अंथरुणातून ऐकू येतो का बघत. कधी येई, कधी येत नसे, आणि येत नसे तेव्हा नळ खरंच गळत नसे की काय, हे बघायला उठायचं धाडस होत नसे. एकदा ते वर्कशॉपमधून ओरडले, “मशीन चालू आहे का गं?”

“चालू आहे की! ऐकू येत नाही?”

“येतं, येतं. विचारलं आपलं.”

“विचारलं आपलं,” ती भिंतीपलीकडून म्हणाली. “आयुष्यभर मी हाका मारल्या तेव्हा ओ दिली नाही, आता मशीनची चौकशी करतायत.”

तिने फार लक्ष दिलं नाही, आणि त्याला कारण होतं. कानसेन बायकोचं ऐकू न आल्याचं सोंग इतकी वर्षं करत आले होते की खरंच ऐकू येईनासं झालं असतं तरी घरात कुणाला फरक कळला नसता.

टॅपेटचं झाकण काढून फटीत गेजची पट्टी घालणं हे अर्ध्या तासाचं काम होतं. पट्टी गेली असती तर फट ठीक, म्हणजे कान गेले. पट्टी गेली नसती तर कान ठीक. एवढं साधं होतं. म्हणूनच ते करत नव्हते. गेज खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेला होता, आणि ते त्याच्याकडे पाठ करून काम करायला शिकले. झाकण बंद आहे तोवर दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, दोन्ही खोट्या होत्या, आणि रोज सकाळी हात तेवढा वर करायचा होता.

त्यांना स्वप्नं पडू लागली. स्वप्नात ते इंजिनात राहायला गेलेले असत. आत चार लांबट, उंच खोल्या, भिंती आरशासारख्या स्वच्छ, कुठे काजळीचा कण नाही. प्रत्येक खोलीला दोन दारं. दारं आपोआप उघडत आणि मिटत, उघडत आणि मिटत, आणि ते खोल्याखोल्यांतून अनवाणी हिंडत. पूर्वी ही दारं आपटायची, एवढं त्यांना स्वप्नातही आठवत असे. आता ती कापसात मिटल्यासारखी मिटत. एकदा त्यांनी वाकून पाहिलं तर दार चौकटीत बसलेलं नव्हतं, चौकटीच्या आत रुतलं होतं. ओल्या मातीत पाय रुततो तसं. त्यांनी ते बोटाने बाहेर काढायचा प्रयत्न केला. मग लाँच परत येण्याच्या आवाजाने त्यांना जाग आली, आणि स्वप्न टेबलावर तेलाच्या डागासारखं थोडा वेळ उरून गेलं.

इंजिन अधूनमधून कुरकुर करू लागलं होतं. सकाळी थंड असताना एका झटक्यात लागत नसे. चढ्या वाऱ्यात लाँच पूर्वीसारखी पुढे रेटत नसे. कॅप्टन हे सांगे. कानसेन प्लग बघत, पेट्रोल बघत, टाकी बघत. सगळं स्वच्छ. स्वच्छ असण्यापलीकडे इंजिनात काही पाहायचं असतं हे जणू ते विसरून गेले होते.

मग ती सकाळ आली. तलावावर धुकं होतं, पलीकडचा काठ पुसून टाकल्यासारखा. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. कानसेन टोकाला उभे होते. मान कलती. खालची घरघर पायांना फळ्यांतून जाणवत होती. वर काही नाही. त्यांनी हात वर केला. लाँच धुक्यात शिरली आणि तिची पाठ दिसेनाशी झाली.

एवढ्यात शाळेच्या बाई धापा टाकत धक्क्यावर आल्या. त्या रोज याच फेरीने पलीकडच्या शाळेत जात. लाँचमध्ये खिडकीजवळची जागा त्यांची, आणि मांडीवर वह्यांचा गठ्ठा.

“गेली? पाच मिनिटं थांबवता आली नाही का हो?”

“तुम्ही कधी चुकत नाही बाई,” कानसेन म्हणाले. “आज काय झालं?”

“झोप लागली. काल वह्या घरी तपासत बसले ना.” बाई वर्कशॉपच्या पायरीवर टेकल्या. “आणि ते तुमच्यामुळे.”

“माझ्यामुळे?”

“तुम्ही ती टिकटिक बंद केलीत ना इंजिनाची! मी तिच्या तालावर वह्या तपासायचे. टिक, बरोबर. टिक, चूक. पलीकडे पोचेपर्यंत एक वर्ग संपायचा. आता लाँचमध्ये नुसती गुणगुण. वही उघडली की डुलकी लागते. म्हणून सगळं ओझं घरी.”

कानसेन त्यांच्याकडे वळले.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“बाई, टिकटिक. तुम्हाला ऐकू येत नाही, ती कधीपासून?”

“झाला की महिना. जास्तच.” बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुम्हीच बंद केलीत ना?”

आपले कान शाबूत आहेत, ही गोष्ट त्यांना ज्या क्षणी कळली त्याच क्षणी ती निरुपयोगी झाली. धुक्यात कुठेतरी त्यांची मुलगी होती, बाकांवर माणसं होती, आणि ज्या इंजिनावर ती सगळी तरंगत होती त्याची दारं रुतत चालली होती. त्यांनीच हात वर केला होता.

ते धक्क्याच्या टोकाला गेले. ओरडण्यात अर्थ नव्हता. धुकं आवाज गिळतं, आणि कॅप्टनच्या कानाशी इंजिन होतं. ते नुसते उभे राहिले आणि ऐकू लागले. गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच स्वतःच्या कानांची चौकशी न करता ते ऐकत होते. घरघर पातळ होत गेली. तलावाच्या मध्यावर असेल आता. मग एक आवाज चुकला. कानसेनांचा पाय फळीवर आपोआप आपटला, ठेका चुकलेल्या ठिकाणी. पुन्हा एक चुकला. मग कार्बोरेटरमधून उलटा फटका मारल्याचा आवाज, ओल्या कापडावर काठी मारावी तसा. आणि मग काहीच नाही.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. “पोचली का?”

“नाही.”

पाण्यावर काहीच नव्हतं. कानसेनांना वाटलं आपण स्वप्नातल्या त्या खोलीत उभे आहोत आणि सगळी दारं उघडी राहिली आहेत. धुकं दाट झालं, विरळ झालं, एक पाणकोंबडी फळीखालून निघाली आणि निवांत पोहत गेली. त्यांनी श्वास धरला होता, कारण श्वासाचाही आवाज होतो.

मग खूप लांबून, खोकल्यासारखं, एकदा. दोनदा. घरघर पुन्हा लागली. पण चार पायांची नव्हे, तीन पायांची, लंगडत. आणि ती भरत येत होती, पातळ होत नव्हती. कॅप्टनने लाँच वळवली होती.

“तीन सिलिंडरवर आणतेय,” कानसेन म्हणाले. “हळू आण. घाई करू नको. वेग वाढवू नको, पोरी.”

“तिला ऐकू जातंय का?” बाईंनी विचारलं.

“नाही. पण तिला माहीत आहे.”

लाँच धक्क्याला लागेपर्यंत त्यांनी मान सरळ केली नाही. माणसं उतरली. कारखान्याचे कामगार कुरकुरत, शिव्या पुटपुटत बसच्या रस्त्याला लागले. बाईही गेल्या. कॅप्टन इंजिनाच्या खोबणीशेजारी बसली होती, हात काळे, कपाळावर काळा पट्टा.

“एका सिलिंडरने मान टाकली,” ती म्हणाली. “बॅक मारत होतं. पेट्रोल येतंय, ठिणगी येतेय. मला कळेना.”

कानसेन वर्कशॉपमध्ये गेले, खिळ्यावरचा गेज काढला, परत आले आणि टॅपेटचं झाकण उघडलं. पट्टी फटीवर टेकवली. गेली नाही. त्यांनी पातळ पट्टी घेतली. ती गेली नाही. सगळ्यात पातळ, केसाएवढी पट्टी होती, तीही धूर बाहेर जाण्याच्या चारही दारांवर अडली. फटच उरली नव्हती. दांडी दारावर कायम टेकलेली, दार पुरतं मिटत नव्हतं, आणि तापलेला धूर त्या न मिटलेल्या कडेतून सुटून ती कड जाळत होता.

“जात नाही,” ते म्हणाले. आणि हसले.

“बाबा, हसताय काय?”

“जात नाही गं पट्टी. एकातही जात नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. कॅप्टनला वाटलं बाबांना काहीतरी झालं. मग त्यांनी सांगितलं. घड्याळ, नळ, आजोबांचे कान, रोजचा हात. सगळं सांगितलं.

ती बराच वेळ चिंधीने बोटं पुसत राहिली. पुसून झालेली बोटंसुद्धा पुसत राहिली.

“टिकटिक गेली हे मला कळलं होतं,” ती म्हणाली. “पहिल्या आठवड्यातच. मला वाटलं, तुम्ही स्क्रू पिळला असेल. विचारणार होते. पण तुम्ही रोज हात करत होता ना. मग म्हटलं, असेल बरोबर.”

“बाईंनाही कळलं होतं.”

“सगळ्या लाँचला कळलं होतं, बाबा.”

कानसेनांनी पाना उचलला आणि नट सोडवायला घेतले.

हेड, म्हणजे दारं बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं तेव्हा सगळं उघड झालं. आत इतकं स्वच्छ इंजिन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि त्या स्वच्छतेत धुराच्या चारही दारांच्या चौकटी, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीटा, खोल बसलेल्या. जुन्या पेट्रोलमधलं शिसं जळून गेल्यावर त्याचा एक पातळ थर या सीटांवर बसत असे, गादीसारखा. लालबुंद तापलेलं दार त्या गादीवर आपटे. नव्या पेट्रोलात शिसं नाही, म्हणजे गादी नाही. धातू धातूवर आपटतो, क्षणभर चिकटतो, सुटताना कण ओढून नेतो. नव्या गाड्यांच्या सीटा याच हिशेबाने कडक धातूच्या केलेल्या असतात. या इंजिनाच्या सीटा त्याच्या मऊ बिडातच कापलेल्या होत्या. दार झिजत नव्हतं, रुतत होतं. आणि दार रुतलं की ते दांडीच्या जवळ येतं, फट मिटते, टिकटिक गप्प होते. हे कानसेनांनी कुणाकडून तरी कधीतरी ऐकलं होतं, आणि शहरातल्या मेकॅनिकांचं नसतं खूळ म्हणून सोडून दिलं होतं.

पंपवाले बघायला आले. हेडवर वाकले, बोट फिरवलं, बोट बघितलं. बोटाला काही लागलं नाही.

“काजळी तर नाही,” ते जरा दुखावलेल्या आवाजात म्हणाले. “मी म्हटलं होतं तसंच आहे की.”

“तुमच्या पेट्रोलाचं काही चुकलं नाही,” कानसेन म्हणाले. “शिसं गेलं ते बरंच झालं. लोकांच्या छातीत जात होतं ते. माझं इंजिन त्याच्या वेळचं आहे, एवढंच.”

“मग आता?”

“आता त्याला कडक सीटा घालायच्या.”

हेड शहरातल्या लेथवाल्याकडे गेलं. त्याने मऊ सीटा कापून काढल्या आणि त्या जागी पोलादी रिंगा दाबून बसवल्या. तोवर गाव बसने वळसा घालून जात होतं आणि कानसेनांना रस्त्यात गाठून दोन शब्द ऐकवत होतं. ते सगळे शब्द त्यांना स्वच्छ ऐकू आले. बायकोने त्या रिकाम्या दिवसांत त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडेही नेलं. तिला सगळं कॅप्टनकडून कळलं होतं, आणि ती दोन दिवस बोलली नव्हती, जे कानसेनांना बोलण्यापेक्षा जड गेलं. डॉक्टरीणबाईंनी कानांवर डबे बसवले, बारीकमोठे आवाज ऐकवले. अगदी उंच, बारीक आवाज थोडे कमी झाले होते. बाकी वयाच्या मानाने ठीक.

“म्हणजे गेलेत,” कानसेन बाहेर येऊन म्हणाले.

“थोडे गेलेत,” बायको म्हणाली. “सगळे गेले असते तर मी तुमच्याशी हातवारे करून भांडले असते. तेवढ्यासाठी महिनाभर एकटे घाबरत बसलात?” रस्ता ओलांडल्यावर ती पुन्हा म्हणाली, “मला विचारायचं होतंत. नळ गळतो की नाही ते मी सांगितलं असतं.”

हेड परत आलं त्या दिवशी कानसेनांनी फटी बसवल्या. या वेळी पट्टीने. कॅप्टनने प्रत्येक पट्टी स्वतः घालून पाहिली आणि ती जाताना किती घासते हे बोटांनी शिकून घेतलं. दर रविवारी झाकण उघडायचं आणि तिने मोजायचं, हे त्या दिवशी फारसं न बोलता ठरलं. गेजला लाँचवर, सुकाणूच्या जवळ, नवा खिळा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं नव्हतं. पलीकडचा काठ, कारखान्याची चिमणी, शाळेचं छप्पर, सगळं कापून ठेवल्यासारखं दिसत होतं. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या, मांडीवर वह्या. कॅप्टनने इंजिन लावलं. एका झटक्यात लागलं.

कानसेनांनी मान कलती केली. घरघर. आणि तिच्यावर, थोडी दबलेली, पूर्वी ऐकू यायची त्याहून पुसट, पण तिथे असलेली, नखांची टिकटिक. पूर्वीएवढी स्पष्ट ती त्यांना पुन्हा कधी ऐकू येणार नव्हती, हे त्यांना आता माहीत होतं. ते थांबले. हात खाली होता.

“ऐकू येतंय?” त्यांनी कॅप्टनला विचारलं. असं त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं.

तिने इंजिनाकडे कान केला. घाई केली नाही.

“येतंय. चारही. तुम्हाला?”

“येतंय.”

“चौथा जरा मोठा आहे.”

त्यांनी पुन्हा ऐकलं. चौथा खरंच जरा मोठा होता. तो त्यांना तिने सांगितल्यावर ऐकू आला.

“रविवारी बघू,” ते म्हणाले आणि हात वर केला.

लाँच सुटली. खिडकीत बाईंनी वही उघडली होती आणि त्यांचा लाल पेन हलू लागला होता. कानसेन तो हलताना दिसेनासा होईपर्यंत उभे राहिले. मग घरातून बायकोची हाक आली. त्यांनी ती ऐकली, आणि बऱ्याच वर्षांनी पहिल्या हाकेला ओ दिली.